बॉबीच्या पोटातली राजदूत

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर आमच्या परड्यात, जांभळाच्या झाडाखाली, एक गाडी उभी आहे. गेली दोन वर्षं माझे रविवार तिनं खाल्ले. बायको तिला सवत म्हणते, शेजारचे काका 'अजून सुरू होईना व्हय?' असं रोज नेमानं विचारतात, आणि माझ्या नखांतलं काळं ऑफिसातही जात नाही.

गाडी आमच्या तात्याकाकांची. राजदूत जीटीएस १७५. पण हे नाव घेतलं तर कोल्हापुरात कुणी मान वर करून बघणार नाही. 'बॉबी' म्हटलं की पन्नाशीपुढचा प्रत्येक माणूस थांबतो, हसतो आणि कुठली तरी आठवण सांगायला लागतो.

आमच्या घरातही तिची एक आठवण आहे, फक्त ती हसून सांगितली जात नाही. भावकीतल्या सगळ्यांना ती पाठ आहे. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तात्याकाका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. १९७४ च्या दिवाळीत उसाचं बिल आलं आणि काकांनी हट्ट करून त्यातून ही गाडी घेतली, सिनेमा बघून. बाबा तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंगला होते, घरात पैशाची ओढ होती, आणि थोरला मुलगा केस वाढवून बॉबीवर मिरवतो म्हणून आजोबांनी दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. 'चार वर्षं मिरवली आणि खोपटात टाकली,' हे आजीचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे कुणी उधळेपणा केला की अजूनही 'बॉबी घ्या' असं म्हणतात. १९८३ साली वाटणी झाली आणि दोन घरांचं जाणं-येणं लग्नकार्यापुरतं उरलं. काका २०११ साली गेले. २०२३ साली गावाकडचं खोपटं पाडायचं ठरलं तेव्हा ताईचा, म्हणजे काकांच्या मुलीचा, फोन आला, 'भंगारवाला बाराशे देतोय. तुला पाहिजे तर ने.' मी टेम्पो घेऊन गेलो.

तर ही त्या गाडीची गोष्ट. इतिहास शोधायला म्हणून मी बसलो नव्हतो. पण जुनी गाडी खोलायला घेतली की इतिहास आपोआप बाहेर पडतो, आणि तो गंजासारखाच हाताला लागतो.

आधी बॉबीचं कूळ. लहान चाकं, बुटकी बैठक, उंच हँडल, पाण्याच्या पिशवीएवढी टाकी. मोटरसायकल उन्हात वाळून आक्रसावी तशी ही दिसते. अशा बुटक्या गाड्यांची जगात एक जातच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इंग्रजांनी छत्रीसैनिकांसाठी 'वेलबाइक' नावाची ९८ सीसीची घडीची गाडी केली. ती नळकांड्यात भरून विमानातून टाकायची. १९६१ साली जपानमध्ये होंडानं टोकियोजवळच्या आपल्या करमणूक बागेत मुलांना फिरवायला एक इवलीशी गाडी ठेवली. तिच्यावर बसलेला माणूस माकडासारखा दिसतो म्हणून पुढे तिच्या वंशाचं नावच 'मंकी' पडलं. म्हणजे ही जात एक तर लढाईची, नाही तर खेळण्याची. इंजिनंही तशीच, पन्नास ते शंभर सीसीची.

आपल्याकडची बॉबी मात्र वेगळी. तिच्यात १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, तीन गिअरचं. कपडे खेळण्याचे, पण आत दणकट गडी. असं का, ते पुढे येईलच.

सिनेमाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९७० साली 'मेरा नाम जोकर' आपटला, राज कपूर कर्जात बुडाला, आणि त्यातून वर यायला त्यानं मोठे नट न घेता मुलगा ऋषी आणि नवखी डिंपल यांना घेऊन 'बॉबी' काढला. २८ सप्टेंबर १९७३ ला तो लागला आणि देशभर वेड लागलं. त्यात नायक-नायिका ज्या गाडीवरून पळतात, ती राजदूत जीटीएस. मग जीटीएस हे नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. कंपनीनं कितीही अक्षरं चिकटवली तरी लोकांनी तिचं बारसं करून टाकलं होतं.

ही गाडी पडद्यावर कशी पोचली याची मला उत्सुकता होती. राजदूत बनवायची दिल्लीजवळ फरिदाबादची एस्कॉर्ट्स कंपनी. ती नंदा कुटुंबाची. आणि राज कपूरची मुलगी ऋतू या नंदांच्या घरात दिलेली, राजन नंदा यांना. म्हणजे सिनेमा सासऱ्याचा आणि गाडी जावयाच्या घरची. यात योगायोग किती आणि सोयरीक किती, ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे लग्नात जावयाला गाडी देतात, इथे उलटं झालं एवढंच.

पण त्या सिनेमाचं नशीब बघा. तो लागल्यावर आठ दिवसांतच पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि तेलाचे भाव भडकले. पेट्रोल इतकं महाग झालं की नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आपल्याकडे तर त्याच्या आदल्या वर्षीचा, १९७२ चा दुष्काळ अजून अंगावर होता. तरण्या पोरांना गाडीवरून पळून जायची स्वप्नं पडायची आणि पेट्रोल पंपावर जायची ऐपत नाही, असा तो काळ. आजोबांचा राग आता मला जरा समजतो. १९७४ साली उसाच्या बिलातून बॉबी घेणं म्हणजे काय, हे कळायला ही पार्श्वभूमी हवी.

आता मी गाडी खोलायला घेतली ते सांगतो.

पहिला महिना नुसता नट सोडवण्यात गेला. गंजलेल्या नटावर डिझेल टाकायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पाना लावायचा, नट तसाच, फक्त आपला हात सोलायचा. इंजिन जाम होतं. टाकीत उंदरानं नाही तरी कुंभारमाशीनं घर केलं होतं. सुटे भाग शोधायला मी 'बॉबीचे पार्ट मिळतील का' असं विचारत फिरलो. लोक हसायचे. बॉबीचे पार्ट म्हणजे संग्रहवाल्यांचा मामला, भाव ऐकूनच घाम फुटावा.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री भेटले. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं लोखंडी पोट. ऑइल इंजिनापासून कशाचाही भाग इथे कुणी ना कुणी लेथवर काढून देतो. मिस्त्रींनी इंजिनाचा फोटो बघितला आणि म्हणाले, 'बॉबी बॉबी काय लावलंय? ही दूधवाल्याची गाडी हाय. वरचं झबलं तेवढं बॉबीचं. राजदूतचा पिस्टन माग, राजदूतचं सील माग, दुकानदार देतोय का न्हाई बघ.'

आणि खरंच, दुकानदारानं दिलं. साध्या राजदूतचे भाग आजही मिळतात, कारण ती गाडी लाखो घरांत होती. बॉबीच्या पोटात तेच इंजिन आहे. बुटक्या गाडीसाठी वेगळं लहान इंजिन करत बसण्यापेक्षा कंपनीनं हाताशी होतं तेच बसवलं. मघाशी म्हटलं ना, आत दणकट गडी का, त्याचं उत्तर हे.

मग त्या गड्याचं गाव शोधलं. ते निघालं थेट पोलंडमध्ये.

पोलंडात किएल्त्से नावाचं शहर आहे. तिथे 'हुता लुडविकुव' नावाचा लोखंडाचा कारखाना होता. भांडी, ओतकाम असल्या वस्तू करणारा. १९३० च्या दशकात तो पोलिश घोडदळासाठी तलवारी करायचा. त्याच कारखान्यानं १९३८ साली ९८ सीसीची मोटरसायकल काढली आणि कारखान्याच्या नावातली अक्षरं घेऊन तिला एसएचएल म्हटलं. तलवारी करणाऱ्या भात्यातून मोटरसायकल! युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत हेच काम पुढे चाललं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एसएचएल एम-११ हे १७५ सीसीचं मॉडेल आलं. शेतकऱ्यानं, कामगारानं खराब रस्त्यावर वापरावी अशी साधी, जाड हाडाची गाडी. तिचा परवाना घेऊन एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला जी बनवली ती राजदूत.

पोलंडच का? तर त्या काळी आपल्याकडे डॉलर-पौंडांची भयंकर टंचाई होती. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांशी मात्र रुपयात व्यवहार करायचे करार होते. आपण चहा, ताग, कातडं द्यायचं, त्यांच्याकडून यंत्रं घ्यायची. म्हणून म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा आली आणि फरिदाबादला पोलंडची एसएचएल. एस्कॉर्ट्सनं आपला ट्रॅक्टरही सुरुवातीला पोलंडच्याच उर्सुस कंपनीच्या सहकार्यानं केला. म्हणजे ट्रॅक्टर आणि मोटरसायकल एकाच देशातून, एकाच हिशोबानं आलेली भावंडं. नावही मजेशीर. त्या काळी रस्त्यावर साहेबाची चारचाकी 'ॲम्बेसेडर' आणि शेतकऱ्याची दुचाकी 'राजदूत'. अर्थ एकच, फक्त एक इंग्रजी शाळेतला आणि एक जिल्हा परिषदेच्या.

पोलंडचं नाव निघालं की कोल्हापूरकराला गप्प बसवत नाही. १९४३ ते १९४८ या काळात इथून जवळच वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सायबेरियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. आमची आजी लहानपणी वळिवड्याच्या गोऱ्या बायका बाजारात भाजी घेताना बघायची. त्या मराठीत भाव करायच्या म्हणे. दारातली गाडी त्याच लोकांच्या मुलखातली आहे, हे तिला कुणी सांगितलं असतं तर कदाचित तिनं बॉबीला इतक्या शिव्या घातल्या नसत्या. असो.

राजदूतचा पुढचा इतिहास सिनेमापेक्षा मला जास्त आवडतो. धर्मेंद्रला घेऊन तिच्या जाहिराती झाल्या, पण तिला खरं मोठं केलं ते कच्च्या रस्त्यांनी. साधं इंजिन, भाग मोजके, गावातला सायकलवालाही खोलून जोडेल असं. आपल्याकडे त्याच काळात दुधाची गंगा वाहायला लागली होती. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला, देशात १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली. म्हशी वाढल्या, दूध वाढलं, आणि दूध सकाळी लवकर पोचवायला काहीतरी लागतं. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेली, निळा धूर सोडत पहाटे शहरात शिरणारी राजदूत ज्यानं पाहिली नाही, तो आमच्या भागात मोठा झालेला नाही. मिस्त्री 'दूधवाल्याची गाडी' म्हणाले ते यासाठी.

इथपर्यंत मी खुशीत होतो. मग इंजिन उघडलं.

सिलिंडर वर ओढला आणि पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला. खाली आकडा कोरलेला दिसला, १.००. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन चालून चालून सिलिंडर झिजला की तो लेथवर थोडा मोठा करतात, त्याला बोअर करणं म्हणतात, आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालतात. दरवेळी पाव मिलिमीटर. १.०० म्हणजे कारखान्यातून आलेल्या मापापेक्षा एक मिलिमीटर मोठा. म्हणजे चार वेळा बोअर. मिस्त्री म्हणाले, 'मधला एखादा साइज गाळला असंल, तरी तीन तर नक्की. धुळीच्या रस्त्यावर एका बोअरला पंधरा-वीस हजार किलोमीटर धर.'

मी धरले. साठ-सत्तर हजार किलोमीटर. चार वर्षं मिरवून?

मग मी गाडीकडे नीट बघायला लागलो. मागच्या चाकाचे आरे साध्यापेक्षा जाड होते. मिस्त्रींनी मागच्या स्प्रॉकेटचे दात मोजले, ते जास्त भरले. म्हणजे वेग घालवून ओढायची ताकद घेतलेली. आणि मागच्या सांगाड्यावर, रंगाखाली, दोन्ही बाजूंना पितळेनं जोडलेल्या दोन-दोन लोखंडी कड्या. आतून घासून घासून गुळगुळीत झालेल्या. मिस्त्रींनी त्यात बोट फिरवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

आमचं गाव कोल्हापूरपासून बारा किलोमीटर. जाऊन-येऊन चोवीस. वर्षाचे झाले पावणेनऊ हजार. आठ वर्षांत सत्तर हजार होतात.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, 'रतीब होता की. पहाटे चारला निघायचे. गंगावेशीपासून पुढं चाळीस घरं होती. मला शाळेला सुट्टी असली की पुढं टाकीवर बसवायचे, दोन किटल्यांच्या मधी जागा कुठली.' मग थोडी थांबली आणि म्हणाली, 'तुम्ही कधी विचारलंच न्हाई.'

खरंय. विचारलं नव्हतं. बॉबी म्हणजे काय हे आम्हाला सिनेमानं आधीच सांगून ठेवलं होतं.

बाबांना लगेच विचारायचं धाडस झालं नाही. मी गाडीत डोकं घातलं. इंजिन जुळवून झालं होतं, आता ट्यूनिंग. कामाची माणसं हा भाग वाचतील, बाकीच्यांनी दोन परिच्छेद उडी मारली तरी चालेल.

आधी मॅग्नेटोतले पॉइंट घासून साफ केले आणि फिलर गेजनं ०.४ मिलिमीटरची फट ठेवली. कंडेन्सर नवा टाकला. स्पार्क मिळाला, निळा आणि खणखणीत. लिटरला ४० मिलि ऑइल घालून पेट्रोल भरलं. सातव्या किकला गाडी बोलली! परडं धुरानं भरलं, शेजारचे काका धावत आले. पण आनंद पाचच मिनिटं टिकला. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली यायला तयार नाही, आपोआप चढतंय. आणि एकदम वाढवलं तर आचके देऊन दम टाकतंय. प्लग काढला तर त्याचं तोंड पांढरंफटक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून वर ढकललं जातं, म्हणून ती पेटी हवाबंद लागते. क्रँकच्या बाजूचं रबरी सील कडक झालं की तिथून फुकटची हवा घुसते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन धरतं. माझं मॅग्नेटोकडचं सील मी 'बरं दिसतंय' म्हणून तसंच ठेवलं होतं. पुलर लावून मॅग्नेटो पुन्हा काढला, सील बदललं. इंजिन शहाण्यासारखं खाली यायला लागलं.

तरी प्लग पूर्ण बरा होईना. त्यात तीन आठवड्यांनी कार्ब्युरेटर गळायला लागला. उघडून बघतो तर आतलं रबर फुगून लिबलिबीत. हा दोष आजच्या पेट्रोलचा. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीला आतून गंज चढवतं. शिवाय त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण पातळच पडतं. इंधन सोसणारं रबर टाकलं, जेट एक माप मोठा घातला, गाडी उभी ठेवायची असली की टाकी रिकामी करायची सवय लावून घेतली. प्लगचं तोंड कॉफीच्या रंगाचं झालं. मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकून मान हलवली. आणि गंमत बघा, हे इथेनॉल येतं कुठून? आमच्या भागात तरी उसाच्या मळीतून आणि रसातून. म्हणजे उसाच्या बिलातून घेतलेली गाडी पन्नास वर्षांनी उसावरच चालतेय, आणि तोच तिला पचत नाहीय.

गाडी सुरू झाल्याचं कळल्यावर बाबा परड्यात आले. सत्तरी ओलांडली आहे, काठी घेऊन येतात. बराच वेळ आवाज ऐकत उभे राहिले. मी इंजिन बंद केलं आणि न बोलता त्या कड्या दाखवल्या.

'माहीत आहे,' बाबा म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. ते जांभळाच्या पारावर बसले.

'सांगलीला मला दर महिन्याला मनीऑर्डर यायची. मेसचे पैसे, वह्यांचे पैसे. फॉर्मवर नाव आजोबांचं असायचं. अक्षर तात्याचं.' मग म्हणाले, 'दूध घालतो हे सांगायची घरात लाज वाटायची. आजोबा चारचौघांत सांगायचे, थोरला बॉबीवर फिरतोय. त्यांना ते बरं वाटायचं. दूध घालतोय यापेक्षा.'

'मग तुम्ही कधी सांगितलं नाही?'

'वाटणीच्या वेळी आजोबांनी मला विहिरीकडचे वीस गुंठे जास्त दिले. का, तर तात्यानं आधीच बॉबीवर उडवले म्हणून. पंचांसमोर. तात्या गप्प बसला.' काठीनं जमिनीवर रेघ ओढत ते म्हणाले, 'मीही गप्प बसलो.'

त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आमच्या घरातला चेष्टेचा विषय, 'बॉबी घ्या', त्याची किंमत वीस गुंठे होती. एका माणसाला उधळ्या ठरवलं की हिशोब सोपा होतो. सिनेमानं त्याला फक्त एक नाव पुरवलं.

आता शेवटचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. काकांची गाडी २०२४ साली पन्नाशीला पोचली. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाड्यात, इंजिनात मोठे फेरफार नकोत. जुन्या गाड्यांच्या नादातले दोस्त म्हणाले, 'त्या कड्या ग्राइंडरनं उडव, मागचं स्प्रॉकेट मूळ मापाचं टाक, सिनेमातला लाल रंग मार. एक नंबर दिसेल.'

मूळ स्वरूप म्हणजे काय, यावर मी बरेच दिवस विचार केला. फरिदाबादहून निघाली त्या दिवसाचं? पण तो तर कारखान्यातला एक दिवस. पोलंडमध्ये ही गाडी शेतकऱ्यासाठी केली, एस्कॉर्ट्सनं तिला झबलं घालून पडद्यावर नाचवली, आणि काकांनी दोन किटल्या अडकवून तिला पुन्हा तिच्या मूळ कामाला लावली. पोलंडमध्ये एसएचएलचं उत्पादन १९७० च्या सुमारास थांबलं. आपल्याकडे १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्यानं शंभर सीसीच्या गाड्या आल्या, पुढे धुराचे नियम कडक झाले आणि राजदूतही गेली. त्या सगळ्या काळाचा पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? पिस्टनवरचा एक आकडा आणि चार गुळगुळीत कड्या. त्या घासून टाकल्या तर गाडी सुंदर होईल आणि आमच्या घराची थाप पुन्हा खरी ठरेल.

कड्या ठेवल्या. त्यांच्यावर रंगही मारला नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवलं. स्प्रॉकेटही तेच. 'व्हीए' पाटीचा नाद सोडला.

कागद अजून कै. काकांच्या नावावर आहेत. ते नावावर करायला वारसाची सही लागते. मी ताईकडे फॉर्म घेऊन गेलो तेव्हा बाबा म्हणाले, मीही येतो. बऱ्याच वर्षांनी ते त्या घराची पायरी चढले. आत दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी अंगणात गाडीचा आवाज भाचरांना ऐकवत होतो. बाहेर आल्यावर बाबांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि नवीन मालकाच्या रकान्यात माझ्याऐवजी ताईचं नाव लिहायला सांगितलं. विहिरीकडच्या जमिनीचं काय ते त्यांचं ते बघतील. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, 'लिही. भावकीनं वाचू दे.'

म्हणून लिहिलं. गाडी सध्या परड्यातच आहे, ताईची, माझ्याकडे ठेवायला. पुढच्या वेळी कुणी आमच्यात 'बॉबी घ्या' म्हणालं तर आधी या, किक मारून दाखवतो. सातव्या किकला सुरू होते. थंडीत दहाव्या.